परका, परवाना आणि मामूल

एक कबुली देऊन लेखाला सुरुवात करतो. प्रशासकीय सेवेतील माझ्या उभ्या कारकिर्दीत मी लाच घेतलेली नाही. पण एकदा दिली आहे. आणि तीही मायदेशात नव्हे, परदेशात.

अभ्यासरजेवर मी एका देशात काही महिने राहिलो होतो. देशाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ही गोष्ट त्या एका देशाची नाही. निवास परवान्याची मुदत संपायला सहा दिवस उरले होते आणि ती वाढवून घेण्यासाठी मी परकीय नागरिकांच्या कार्यालयात रांगेत उभा होतो. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने माझे कागद तीनदा उलटेसुलटे करून पाहिले, शिक्षणसंस्थेच्या पत्रावरील शिक्का पुसट आहे असे सांगितले आणि नवे पत्र घेऊन दहा दिवसांनी यायला फर्मावले. सहा दिवसांनंतर मी त्या देशात बेकायदा ठरणार होतो, हे त्यालाही ठाऊक होते. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी हलक्या आवाजात सुचवले की पासपोर्टच्या पानांत एक नोट ठेवा आणि तो पुन्हा आत सरकवा. मी क्षणभर घुटमळलो आणि सरकवला. पुसट शिक्का एकाएकी वाचता येऊ लागला. पाच मिनिटांत परवाना हातात पडला. पावती अर्थातच मिळाली नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी मी एका तलाठ्याच्या निलंबनाच्या आदेशावर सही केली होती. पीककर्जासाठी सातबाराचा उतारा मागायला आलेल्या शेतकऱ्याकडून त्याने पन्नास रुपये घेतले होते. चौकशीच्या वेळी मी त्या शेतकऱ्याला जरा रागानेच विचारले होते, "पण तुम्ही दिलेतच कशाला?" तो म्हणाला होता, "साहेब, पेरणी थांबत नाही." तेव्हा हे उत्तर मला पळवाटेसारखे वाटले होते. परदेशातल्या त्या खिडकीसमोर मला त्याचा अर्थ कळला.

परदेशस्थ मराठी मंडळींशी बोलताना हा विषय हमखास निघतो. कुणाला विमानतळावर अडवलेले असते, कुणाचा कामाचा परवाना महिनोन्महिने रखडलेला असतो, कुणी "इथे असेच चालते" असे म्हणत खिशात हात घातलेला असतो. सांगणाऱ्याच्या स्वरात राग असतो, थोडी शरम असते आणि बहुतेक वेळा एक निष्कर्षही असतो, की अमुक देशातील लोकच तसे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. लाच ही लोकांच्या स्वभावातून येते असे मानले की प्रशासकाचे काम संपते. फक्त उपदेशकाचे उरते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. तो इतिहास मला जिथे सलगपणे भेटला ते गाव म्हणजे म्हैसूर.

मामूल आणि अंतस्थ

प्रशिक्षणाच्या निमित्ताने म्हैसूरच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत काही आठवडे राहण्याचा योग आला होता. तिथे एक गंमत ध्यानात आली. आपल्याकडे "मामुली" म्हणजे क्षुल्लक, किरकोळ. कर्नाटकात आणि तमिळ मुलखात "मामूल" म्हणजे चिरीमिरी. शब्द अरबी आहे. मूळ अर्थ नेहमीचा, रिवाजाचा. जे नेहमी दिले जाते ते मामूल. एका शब्दाने रिवाज आणि लाच यांच्यामधली भिंत पाडून टाकली आहे.

आपण मराठी माणसांनी याला नाके मुरडू नयेत. पेशवाईच्या दप्तरात "अंतस्थ" किंवा "दरबारखर्च" नावाची एक बाब होती. मामलतदाराचे हिशेब हुजुरात तपासले जात. ते विनातक्रार पास व्हावेत म्हणून कारभाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना गुपचूप काही द्यावे लागे; म्हणून नाव अंतस्थ. हा पैसा शेवटी रयतेकडूनच जादा पट्टी म्हणून वसूल होई. पेशवाई संपल्यावर, १८१९ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या बाबीचा प्रवास नोंदलेला आहे. प्रारंभी ही लाच होती. हळूहळू तिचे दर ठरले आणि ती जणू फी बनली. इतर खर्चासारखीच ती हिशेबात लिहिली जाऊ लागली आणि तपासलीही जाऊ लागली. मग ज्यांना लाच हवी होती त्यांचे काय? त्यांच्यासाठी नवी, वेगळी वसुली सुरू झाली. आणि अशा नाजूक व्यवहाराची बारकाईने तपासणी कोणी करत नसल्यामुळे मामलतदार वरच्यांसाठी गोळा करी त्याहून अधिक स्वतःसाठी गोळा करू लागला.

प्रशासनाच्या विद्यार्थ्याने हा परिच्छेद वहीत उतरवून ठेवावा इतका तो मोलाचा आहे. लाच अधिकृत केली, तिला फी म्हटले, की ती संपत नाही. खिडकी तीच, अडवण्याचा अधिकार तोच. मग जुन्या लाचेची फी होते आणि फीच्या शेजारी नवी लाच उगवते. आज अनेक देशांत व्हिसासाठी "जलद सेवा शुल्क" असते. ते वाईट असते असे मी म्हणत नाही. पण साधी सेवा मुद्दाम मंद ठेवली तरच जलद सेवा विकली जाते, हे सूत्र अंतस्थाच्या वेळेपासून बदललेले नाही.

हात शरीराला चिकटवून चाला

आता म्हैसूरकडे वळू. १७९९ साली टिपू सुलतान श्रीरंगपट्टणला पडला आणि इंग्रजांनी वाडियार घराण्यातील बालराजाला, तिसऱ्या कृष्णराजाला, गादीवर बसवले. दिवाण पूर्णय्यांनी १८११ पर्यंत कारभार पाहिला. त्या काळी म्हैसूरच्या कचेऱ्यांत कानडीच्या बरोबरीने मराठीचाही वापर होता. अमलदार, शिरस्तेदार, शेकदार, फौजदार, जमाबंदी, हुजूर हे तिथल्या कारभाराचे शब्द मराठी वाचकाला आजही परके वाटणार नाहीत.

पूर्णय्यांच्या नंतर घडी विसकटली. "शर्ती" नावाची पद्धत रूढ झाली. अमलदाराने तालुक्यातून अमुक इतका वसूल देण्याची शर्त लिहून द्यायची. कमी पडले तर पदरचे भरायचे, जास्त आले तर तेही सरकारात जमा करायचे. कागदावर ही शिस्त दिसते. प्रत्यक्षात जो अमलदार तूट पदरचीच भरणार, तो ती रयतेकडून आधीच काढून ठेवणार हे उघड होते. १८३० साली नगर प्रांतात, म्हणजे आजच्या शिवमोग्ग्याच्या बाजूला, रयतेने उठाव केला. १८३१ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने राज्याचा कारभार इंग्रज कमिशनरांकडे सोपवला. राजाच्या गैरकारभाराचे आरोप बरेच अतिरंजित होते असे पुढे आढळले, तरी कारभार त्याला परत मिळाला नाही. १८३४ ते १८६१ अशी सत्तावीस वर्षे मार्क कबन हा कमिशनर होता.

कबनच्या कारकिर्दीत ७६९ किरकोळ कर रद्द करण्यात आले. लुईस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटियरमध्ये त्यांतील काही नमुने दिलेले आहेत. लग्नावर कर होता, मूल जन्मले की कर होता, त्याचे नाव ठेवले की कर, जावळ काढले की कर. एका गावाला कर भरावा लागे, कारण त्या गावाच्या पूर्वजांना कुण्या पाळेगाराचा हरवलेला घोडा शोधून देता आला नव्हता. आणि नगरमध्ये एका विशिष्ट जागेवरून जाताना ज्याचे हात शरीराला चिकटलेले नसतील त्याने कर भरायचा. विशेष म्हणजे हे सारे सरकारी दप्तरात राज्याचे उत्पन्न म्हणून रीतसर नोंदलेले होते.

हा शेवटचा कर वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ हसत होतो. नंतर हसू आले नाही. त्या जागेवरून रोज जाणाऱ्या गावकऱ्याला हात कसे ठेवायचे हे ठाऊक असणार. कर कोणी भरला असेल? परगावच्या माणसाने. व्यापाऱ्याने, यात्रेकरूने, सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्याने. नियम जितका विचित्र, तितका तो स्थानिकाला निरुपद्रवी आणि परक्याला जाचक. हात चिकटले होते की नव्हते हे ठरवणारा तिथे उभा असलेला एकच माणूस. त्याच्या निर्णयावर अपील नाही. पुसट शिक्क्याचीही हीच जात.

कबनने केले ते असे की त्याने त्या जागेवर अधिक प्रामाणिक माणूस नेमला नाही. करच काढून टाकला. ७६९ कर गेले म्हणजे ७६९ प्रकारे माणसाला अडवण्याचे अधिकार गेले. अंतस्थाच्या शेजारी हे उदाहरण ठेवून पाहावे. पहिल्यात लाचेला फी केले आणि लाच टिकली. दुसऱ्यात अडवण्याचे निमित्तच संपवले आणि त्या निमित्तापुरती लाचही संपली. कबन हा काही लोकनियुक्त नव्हता आणि त्याच्या राज्यात सारे आलबेल होते असेही नाही. परंतु चांगला धडा कोणाकडूनही घ्यावा.

दोन प्रकारचे परके

येथे एक विसंगती वाचकांच्या ध्यानात आली असेल. कबन स्वतः परका होता. आइल ऑफ मॅनमध्ये जन्मलेला. पण त्याला म्हैसूरमध्ये कोणत्याही खिडकीसमोर उभे राहावे लागले नाही. परकेपणा केवळ जन्मस्थानावर ठरत नाही, सामर्थ्यावर ठरतो. आपल्याकडच्या जुन्या राज्यकर्त्यांना याची पक्की जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे धोरण सांगितले आहे, त्याचा आशय हाच, की त्यांना व्यापारापुरते येऊ-जाऊ द्यावे, पण समुद्रकाठी ठाणे करू देऊ नये. कारण ते इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी राज्य आहे.

१८८१ साली म्हैसूरचे राज्य दहाव्या चामराज वाडियारांना परत देण्यात आले. त्या वेळच्या हस्तांतरण करारात एक कलम होते: गव्हर्नर जनरलच्या पूर्वसंमतीवाचून हिंदुस्थानाबाहेरच्या कोणाही माणसाला महाराजांनी नोकरीवर ठेवू नये. म्हणजे म्हैसुरात कोणता परका राहील हे म्हैसूर ठरवणार नाही, कलकत्ता ठरवील. अशा चौकटीतही म्हैसूरने बाहेरची गुणी माणसे आणली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात काम केलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल १९०८ मध्ये म्हैसूरच्या सेवेत आला आणि या संस्थानातील बागांवर त्याने आपला ठसा उमटवला. जर्मनीतील ज्यूविरोधी राजवटीमुळे देशोधडीला लागलेला वास्तुतज्ज्ञ ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानचा मुख्य वास्तुविशारद झाला.

त्याच १८८१ सालच्या ऑक्टोबरात दिवाण रंगाचार्लूंनी म्हैसूरमध्ये प्रातिनिधिक सभा भरवली. दसऱ्याच्या सुमारास तालुक्या-तालुक्यातून आलेले प्रतिनिधी दिवाणासमोर आपली गाऱ्हाणी मांडू लागले. सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. पण अमलदाराची तक्रार थेट दिवाणाच्या कानी जाण्याची एक वाट तयार झाली. चिरीमिरीवरचा हा दुसरा उतारा: अडवणाऱ्याच्या डोक्यावरून वर पोहोचणारा आवाज. पहिला उतारा म्हणजे निमित्त काढून टाकणे. दोन्ही उतारे म्हैसूरने एकाच शतकात करून पाहिले. मात्र दुसरा उतारा फक्त रयतेसाठी होता. परक्याचा प्रतिनिधी कोणत्याच सभेत बसत नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही.

कागदांचे शतक

आपण आज ज्याला इमिग्रेशन म्हणतो ती यंत्रणा मुळात फार जुनी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यक शिकायला गेल्या तेव्हा त्यांना समाजाच्या विरोधाला, पैशाच्या अडचणीला आणि दीर्घ समुद्रप्रवासाला तोंड द्यावे लागले. अमेरिकेच्या व्हिसासाठी मात्र रांग लावावी लागली नाही, कारण आजच्या अर्थाने व्हिसाच नव्हता. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. युद्धकाळात हेरांच्या भीतीने जगभर पासपोर्टची सक्ती झाली आणि युद्ध संपले तरी सक्ती उरली.

हिंदुस्थानात परकीयांविषयीचा कायदा १८६४ चा आहे. त्यात सरकारला परक्याला देशाबाहेर जाण्याचा हुकूम देता येई. १९२० मध्ये पासपोर्ट कायदा आला, १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा कायदा आला आणि १९४६ मध्ये परकीय नागरिक कायदा. या शेवटच्या कायद्यात एक तरतूद महत्त्वाची होती: आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. सर्वसाधारण न्यायतत्त्वाच्या हे उलट आहे. ही सारी चौकट युद्धांच्या छायेत उभी राहिली, आणि स्वतंत्र भारताने ती जवळजवळ जशीच्या तशी चालवली. २०२५ च्या नव्या कायद्याने १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे आणि २००० सालचा वाहतूकदारांविषयीचा कायदा असे चार कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. सिद्ध करण्याचा भार मात्र त्यातही त्या माणसावरच राहिला आहे.

राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्यांनी येथे एक बारीक भेद केला होता. कायद्यापुढील समानतेचा चौदावा अनुच्छेद "कोणत्याही व्यक्तीला" लागू आहे, केवळ नागरिकाला नव्हे. म्हणून खिडकीवर मनमानी झाली तर परकाही न्यायालयात जाऊ शकतो. पण संचार आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य देणारा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकांपुरताच आहे. माहितीचा अधिकारही २००५ च्या कायद्याने नागरिकांनाच दिला. "माझा अर्ज कोणत्या टेबलावर, किती दिवसांपासून पडून आहे?" हा प्रश्न भारतीय माणूस दहा रुपयांच्या अर्जाने विचारू शकतो, परक्याला त्या वाटेने तो विचारता येत नाही. न्यायालयाची वाट आहे, पण ज्याचा परवाना सहा दिवसांत संपतो त्याला ती कितीशी उपयोगी?

गोकुलम आणि बैलकुप्पे

म्हैसूरमध्ये परक्यांच्या दोन वस्त्या पाहायला मिळतात. त्या एकमेकींपासून दोनेक तासांच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्यामधले खरे अंतर फार मोठे आहे.

पहिली गोकुलम. १९३० च्या दशकात चौथ्या कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा चालत असे. इंद्रा देवी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली युरोपीय स्त्री तिथेच शिकली. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्याकडे १९६० च्या दशकापासून परदेशी विद्यार्थी येऊ लागले आणि २००२ मध्ये त्यांची शाळा लक्ष्मीपुरममधून गोकुलमला हलली. तेव्हापासून गोकुलमच्या गल्ल्यांत पहाटे जगभरचे लोक चटया घेऊन चालताना दिसतात. त्यांतल्या ज्यांचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल त्यांना आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. ज्या घरमालकाकडे ते उतरतात त्याने चोवीस तासांत त्यांची माहिती कळवायची असते. संध्याकाळी फिरताना एका झेरॉक्सच्या दुकानात मी एका परदेशी तरुणीला कागदांच्या चळतीशी झगडताना पाहिले: भाडेकरार, घरमालकाचे वीजबिल, संस्थेचे पत्र, फोटो. दुकानदार तिला कोणत्या कागदाच्या किती प्रती लागतात हे तोंडपाठ सांगत होता. तो कोणतेही गैरकृत्य करत नव्हता. नियम जिथे लिहिलेला सापडत नाही तिथे नियम सांगणारा माणूस तयार होतोच. पण अशाच माणसांतून काही ठिकाणी मध्यस्थ जन्माला येतो आणि मध्यस्थातून दलाल.

२०१८ पासून भारताने ही नोंदणी आणि मुदतवाढ संगणकावर आणली. कागद घरून चढवायचे, गरज पडली तरच कार्यालयात बोलावणे. हा बदल मला कबनच्या जातीचा वाटतो. कारण त्याने खिडकीच पुष्कळ अंशी काढून टाकली. तरी संगणकालाच सर्व श्रेय देऊ नये. "कागद अपुरे" एवढाच शेरा मारून अर्ज परत करता येत असेल, तर पुसट शिक्का आता पडद्यावर दिसतो इतकेच. शेरा मारणाऱ्याने कोणता कागद, कोणत्या नियमाखाली आणि किती दिवसांत हवा हे लिहिलेच पाहिजे, ही सक्ती यंत्र करत नाही. ती माणसांनी यंत्रात घालावी लागते.

दुसरी वस्ती बैलकुप्पे. पिरियापट्टण तालुक्यातले हे गाव. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांना वसवण्यासाठी त्या वेळच्या म्हैसूर राज्य सरकारने येथे सुमारे ३,००० एकर जमीन दिली आणि १९६०-६१ पासून इथे वसाहत उभी राहिली. जंगल तोडून त्यांनी शेती केली, मक्याची पिके घेतली, मठ बांधले. आज इथे तिसरी-चौथी पिढी आहे. त्यांतले अनेक उत्तम कन्नड बोलतात. पण कायद्याने ते परकीय आहेत. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असते आणि ते ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी ओळखपत्रवजा एक पिवळे पुस्तक, बाहेर जाण्याची परवानगी आणि परत येण्यास हरकत नसल्याचा दाखला.

म्हैसूरच्या संबंधित कार्यालयाविषयी माझी काही तक्रार नाही. मी तिथे कोणाला पैसे देता-घेताना पाहिले नाही. मुद्दा वेगळाच आहे. परदेशात माझी रांग एका सकाळची होती. गोकुलमच्या विद्यार्थिनीची एका ऋतूची. बैलकुप्पेतल्या माणसाची आजोबांपासून नातवापर्यंतची. जो माणूस एकाच कार्यालयात जन्मभर जाणार आहे तो तिथल्या कारकुनाला दुखवू शकेल काय? त्याच्याकडे कोणी काही मागितले नाही, तरी दसऱ्याला मिठाईचा पुडा नेण्याची बुद्धी त्याला होईल. तो पुडा म्हणजे मामूलचा पहिला दिवस. म्हणून परक्याच्या परवान्याची मुदत किती वर्षांची असावी हा प्रश्न सुरक्षेचा जितका आहे तितकाच भ्रष्टाचार प्रतिबंधाचाही आहे. एका वर्षाऐवजी पाच वर्षांनी नूतनीकरण केले की खिडकीसमोरच्या पाच फेऱ्यांपैकी चार रद्द होतात.

येथे न्यायालयाचे काम नोंदवले पाहिजे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती नागरिकत्व कायद्याने जन्मतःच भारतीय ठरते आणि तिबेटी माणूसही याला अपवाद नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. म्हणजे कित्येक जण वर्षानुवर्षे ज्या रांगेत उभे होते ती त्यांची रांगच नव्हती. कायदा १९५५ चा होता. तो वाचायला इतकी वर्षे लागली.

देणाऱ्याचे काय?

आता माझ्या नोटेकडे परत येतो. आमच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणे हाही थेट गुन्हा ठरला. ज्याला देणे भाग पडले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. नागरिकासाठी ही सवलत योग्य आहे. परंतु ज्याचे विमान उद्या आहे त्याला सात दिवस म्हणजे काय? अमेरिकेचा १९७७ चा कायदा परदेशातील लाचेबद्दल आपल्या कंपन्यांना शिक्षा करतो, पण १९८८ च्या दुरुस्तीनंतर त्यात नित्याच्या सरकारी कामासाठी दिलेल्या किरकोळ पैशाला सूट आहे; आणि त्या नित्याच्या कामांच्या उदाहरणांत चक्क व्हिसाचा उल्लेख आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात अशी सूट नाही. एक देश म्हणतो चिरीमिरी ही वस्तुस्थिती आहे, दुसरा म्हणतो ती लाचच आहे. मला दुसऱ्याचे पटते, कारण अंतस्थाची गोष्ट मी वाचली आहे. पण ज्या सरकारला देणाऱ्याला शिक्षा करायची असेल त्याने त्याच्यासाठी तक्रारीची जागा, भाषा आणि मुदत आधी तयार ठेवली पाहिजे. नाही तर शिक्षा फक्त दुबळ्याला होते.

मी दिली ती लाचच होती. मला त्या देशाच्या कायद्याची भीती वाटायला हवी होती, आणि त्याहून अधिक आपल्या तलाठ्याची आठवण यायला हवी होती. ती आठवण आली ती बाहेर पडल्यावर. त्या तलाठ्याचे निलंबन चुकले असे मी आजही म्हणणार नाही. चुकले ते एवढेच, की आदेशावर सही करून मी फाइल बंद केली. उतारा किती दिवसांत मिळालाच पाहिजे, तो न दिल्यास कारण लेखी का नको, तलाठ्याखेरीज तो दुसरीकडून का मिळू नये, हे प्रश्न मी त्या फाइलवर लिहिले नाहीत. माणूस बदलला आणि खिडकी तशीच ठेवली. पुढे उतारे संगणकावर आले आणि शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारात जायची गरज बरीच कमी झाली. ते काम माझ्या आदेशाने झाले नव्हते.

परदेशस्थ वाचकांना शेवटी दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुमच्यापैकी अनेकांनी तिथले नागरिकत्व घेतले असेल आणि तुमच्याजवळ आता ओसीआय कार्ड असेल. भारताच्या कायद्याने तुम्ही परकीय आहात. मात्र तुम्हाला नोंदणीच्या खिडकीवर यावे लागत नाही. म्हणजे एका वर्गापुरती ती खिडकी बंद करता येते, आणि तसे केल्याने देश काही धोक्यात आला नाही. तुम्ही जिथे राहता तिथे परक्यांच्या रांगेत उभे राहिल्याचा अनुभव तुमच्याजवळ आहे. सुट्टीत मायदेशी याल तेव्हा एखाद्या नोंदणी कार्यालयासमोर आफ्रिकेतला विद्यार्थी, अफगाण रुग्णाचा भाऊ किंवा तिबेटी म्हातारा उभा दिसेल. "आपल्याकडे असेच चालते" असे त्याला कृपा करून सांगू नका. हेच वाक्य तुम्हाला परक्या मुलखात कोणी सांगितले होते, तेव्हा ते ऐकून काय वाटले होते ते आठवा.

नगरमधली ती जागा नेमकी कुठे होती हे मी तिथल्या काही जुन्या जाणत्यांना विचारून पाहिले. कोणाला सांगता आले नाही. कर गेला तशी ती जागाही विसरली गेली. आता तिथून लोक हात मोकळे सोडून जात असतील.